सुळ्यामागची दाढ

“डॉक्टर, ह्या बाई जेवतात की खडी फोडतात?” नसरीन आपा फोनवर विचारत होत्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. डाव्या तळहातावर एक तुटका क्राउन, म्हणजे दातावर बसवायची टोपी, होता आणि बोलता बोलता त्या अंगठ्याने तो उलटापालटा करत होत्या. गालाकडच्या बाजूचं पोर्सेलीन साफ उडालं होतं आणि आतला करडा धातू उघडा पडला होता. पलीकडून डॉक्टर काहीतरी बोलले, आपा हसल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मेणाची सुरी हातात धरून मी तशीच बसले होते. “अगो, तुझ्या आईचाच की हा,” फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या. “चेष्टा केली हां. मनावर घेऊ नकोस.” मी मान हलवली आणि पुन्हा सुरी तापवायला धरली. आपांना वाईट वाटलं होतं ते माझ्यासाठी नाही, क्राउनसाठी. त्यांच्या हातचं पोर्सेलीन असं उडत नसे. फोन ठेवल्यावर त्यांनी तो तुकडा दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “चावून तुटलं तर वरून तुटेल. हे बाजूने कसं उडालं?” ते कसं उडालं हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा समोर बसून आमटीभात जेवत होते.

आपांची कृत्रिम दात बनवायची लॅब मांडवीला जाणाऱ्या रस्त्यावर, एका शीतपेयांच्या दुकानाच्या माडीवर होती. खिडकीतून समुद्र दिसायचा पण खिडकी उघडायची परवानगी नव्हती. खारा वारा आणि धूळ आत आली की पोर्सेलीनमध्ये काळे ठिपके उठतात. त्यामुळे भट्टीच्या उकाड्यात, पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवून, आम्ही दोघी दिवसभर घामाघूम बसायचो. मला तिथे चिकटवलं होतं ते आईच्या डॉक्टरांनीच. आईचा दात पहिल्यांदा फुटला तेव्हा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते, आणि वेळ जात नव्हता म्हणून टेबलावरच्या सांगाड्याच्या जबड्याचं पेन्सिलने चित्र काढत बसले होते. डॉक्टरांनी ते पाहिलं. बी.एस्सी. करून घरात बसलेली मुलगी, हाताला वळण आहे, फारसं बोलत नाही. एवढ्यावर त्यांनी आपांना फोन लावला. आईची दाढ फुटली नसती तर मी या धंद्यात आले नसते. आज माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये नव्या मुली येतात आणि विचारतात, “मॅडम, तुम्ही या लाइनला कशा आलात?” मी चित्रकलेचं सांगते.

आपा शिकवायच्या त्या चिडवत चिडवत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी बोलताना आधी मनात जुळवणी करायची आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. “इंग्लिश मिडीयमची असलीस म्हणून मेण काही थँक्यू म्हणून वितळायचं नाही हां,” असं त्या म्हणायच्या. मला त्यांचं बोलणं आवडायचं. त्यांच्या ओरडण्यात मार नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनताना पाहिलेला क्राउन म्हणजे आईचाच. वरच्या बाजूची डावी, सुळ्याच्या लगेच मागची दाढ. डॉक्टरांनी तिच्या मुळाची नस काढून, उरलेला दात चहूबाजूंनी तासून एवढासा खुंट करून ठेवला होता. त्याच्या मापावरून ओतलेलं प्लास्टर माझ्या हातात आलं तेव्हा मी आईचे दात पहिल्यांदा नीट पाहिले. हसताना ती पदर तोंडावर घ्यायची, त्यामुळे ते कधी पाहायला मिळाले नव्हते. शेजारचे दोन्ही दात धडधाकट, सरळ, सुंदर होते.

क्राउन जन्माला येतो तो सगळा मारझोडीतून, असं मला त्या दिवसांत वाटायचं. खुंटावर मेणाचा दात कोरायचा. मग तो मातीसारख्या मसाल्यात पुरायचा आणि भट्टीत घालायचा. आतलं मेण जळून जातं आणि दाताच्या आकाराची पोकळी उरते. लाल झालेला तो साचा यंत्राच्या हाताला लावायचा, मुशीत धातू ज्योतीखाली पाण्यासारखा हलायला लागला की खटका सोडायचा. हात गरागरा फिरतो आणि वितळलेला धातू त्या पोकळीत जाऊन आदळतो. मग साचा हातोडीने फोडायचा, धातूवर वाळूचा फवारा मारायचा, घासायचं, तासायचं. एवढं झाल्यावर कुठे ब्रश हातात यायचा. पोर्सेलीनची भुकटी पाण्यात कालवून थरावर थर द्यायचा, भाजायचा, आकसला की पुन्हा द्यायचा. खटका सोडताना मी डोळे मिटून घ्यायचे. “अगो, बघ तरी,” आपा म्हणायच्या. “डोळे मिटून काय ओतकाम होतं?” मी उघडे ठेवायला शिकले. घरी ते आधीच शिकले होते.

आमचं घर मांडवीच्या आतल्या गल्लीत, तीन खोल्यांचं. बाबा मालवाहू जहाजावर फिटर होते. ते समुद्रावर असत तेव्हा घरात रेडिओ असायचा, आई ओट्याशी उभी राहूनच चहा प्यायची, बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी आम्ही दोघी एका ताटात खायचो, आणि शेजारच्या काकू मागच्या दाराने हाका मारत थेट स्वयंपाकघरात यायच्या. ते येणार असा फोन आला की काकू पुढच्या दाराने यायला लागायच्या, आणि मग यायच्याच बंद व्हायच्या. बाबा दिसायला देखणे होते. कपडे कडक इस्त्रीचे. गल्लीतल्या मुलांना परदेशी चॉकलेटं वाटायचे, म्हाताऱ्यांची बिघडलेली मिक्सरं दुरुस्त करून द्यायचे. कुणी घरी आलं की मला पुढे बोलावून म्हणायचे, “प्राजू, काकांशी इंग्लिशमध्ये बोल जरा.” मी बोलायचे. माझ्या शाळेचा त्यांना अभिमान होता. शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकावर दरवर्षी लिहिलं होतं की मुलगी अतिशय शांत आहे. ते वाक्य ते पाहुण्यांना वाचून दाखवायचे.

आमच्याकडे एक नियम होता. ताटावरून मध्येच उठायचं नाही. हा पुष्कळ घरांत असतो, अन्नाचा मान म्हणून. आमच्याकडे बाबांनी त्याला वेगळंच रूप दिलं होतं. त्यांचा हात उठायचा तो बहुतेक जेवतानाच. आमटी अळणी झाली, फोनवर आई मामाशी जास्त वेळ बोलली, मासळीवालीने उधारीचं नाव काढलं, काहीही पुरायचं. आणि तो उठला की मी तिथेच बसून ताटातलं संपवायचं, हा नियम. मी जेवायची थांबले तर आईला आणखी एक पडायची. माझ्या अंगाला त्यांनी क्वचितच हात लावला. ती गरज त्यांना नव्हती. त्यामुळे मारण्याचे आवाज मला चवींसकट आठवतात. उघड्या तळहाताचा आवाज कुळथाच्या पिठीसकट. आईचं डोकं भिंतीतल्या फळीवर आपटलं तो आवाज सोलकढीसकट. आजही कुणाच्या घरी जेवायला गेले आणि यजमानांचा आवाज जरा चढला की मी भराभर जेवायला लागते. लोकांना वाटतं, मला भूक लागली आहे.

पहिल्या वेळी त्यांच्या हातात स्टीलचा तांब्या होता. दात अर्धा तुटून आईच्या मांडीवर पडला, तिने तो पदराला बांधला आणि आधी फरशीवरचं पाणी पुसलं. दवाखान्यात तिने सांगितलं, न्हाणीघरात घसरले. बाबा बरोबर होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. पुढच्या सुट्टीत तो धातू-पोर्सेलीनचा क्राउन उडाला, ज्याबद्दल आपांनी फोन केला होता. त्या वेळी तांब्या नव्हता, नुसतं मनगट होतं, घड्याळासकट. डॉक्टर बुचकळ्यात पडले. क्राउन बसून वर्षही झालं नव्हतं. “ताई, सुपारी खाता का? बर्फ? काजू फोडता दाताने?” आई नाही नाही म्हणत होती. तेव्हा बाबा हसून म्हणाले, “रात्री दात खाते हो ती झोपेत. करकर आवाज येतो. मला जहाजाच्या इंजिनाची सवय म्हणून झोप लागते.” डॉक्टरही हसले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, कारण आता त्यांना कारण मिळालं होतं. मी आईच्याच शेजारी झोपत होते. आई झोपेत कधी हूं की चूं करत नसे.

मग सामानाची निवड झाली. बाबांना त्यात फार रस वाटला. धातू म्हणजे त्यांचा प्रांत. निकेल-क्रोम कुठलं, कोबाल्ट असतं का, ओतकामात हवा राहिली तर काय करता, असं ते विचारत राहिले. डॉक्टरांनाही असा ऐकणारा क्वचितच मिळत असणार, ते खुलून सांगत राहिले. पूर्ण धातूचा क्राउन सगळ्यात टिकाऊ, पण दिसतो. पोर्सेलीनचा छान दिसतो, पण त्याचा टवका उडतो. आता झिरकोनिया आला आहे. पांढरा खडूसारखा ठोकळा असतो, यंत्र त्यातून दात कोरतं, तो मुद्दाम थोडा मोठा कोरायचा, कारण भट्टीत घातला की आकसून बरोबर मापावर येतो आणि दगडाहून कठीण होतो. “हातोडा मारला तरी फुटत नाही म्हणतात,” डॉक्टर कौतुकाने म्हणाले. “मग तोच,” बाबा म्हणाले. “माझ्या बायकोला चांगल्यातलं चांगलं.” खुर्चीत आडवी पडलेली आई वरच्या दिव्याकडे बघत होती. शिवाय रात्री दात खाण्यावर उपाय म्हणून एक गार्डही ठरलं. पारदर्शक, जाडसर, वरच्या दातांवर टोपीसारखं बसणारं.

झिरकोनियाचं यंत्र आपांकडे नव्हतं. क्राउन कोल्हापूरहून कोरून आला, रंगकाम मी केलं. शेजारच्या दातांचा पिवळसरपणा, मुळाशी जरा तांबूस छटा, आईने आयुष्यभर प्यायलेल्या चहाची एक रेष. आपांनी तो प्लास्टरच्या जबड्यावर बसवला आणि कुठला ते त्यांना ओळखता येईना. “झालीस गो तू तयार,” त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा आनंद मला अजून आठवतो, आणि तेव्हाही त्या आनंदाखाली दुसरं काहीतरी चालू होतं हेही आठवतं. गार्ड मीच घासून गुळगुळीत केलं, आईच्या गालाला लागू नये म्हणून कडा पुन्हा पुन्हा बोटाने तपासल्या.

बाबा समुद्रावर गेले तसं ते गार्ड निळ्या डबीत फडताळावर पडून राहिलं. मग त्या वर्षाच्या अखेरीस बाबा परत आले ते कायमचे. साखर वाढली म्हणून वैद्यकीय तपासणीत त्यांना नापास केलं होतं. आता फोन येऊन ते जाणार नव्हते. आईने कॅलेंडरवरच्या त्यांच्या जाण्याच्या खुणा करणं सोडून दिलं. आधी आमच्याकडे मारण्याचा हंगाम असायचा, आता तो बाराही महिने झाला. पेज वाढली. जबडा दुखत असला की आई मऊ पेज करून घ्यायची, वर मीठ आणि तूप, आणि “आज पोट जड आहे” असं म्हणायची. सगळा पावसाळा तिचं पोट जड होतं. एका संध्याकाळी मी लॅबमधून आले तर बाबा आल्याचं फाटक वाजलं, आणि आईने चालता चालता फडताळावरची निळी डबी उघडली, गार्ड तोंडात बसवलं, आणि भाकरी थापायला घेतली. दिवे लागायची वेळ होती. झोपेला अजून कितीतरी अवकाश होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “पीठ मळून दे जरा,” ती म्हणाली, आणि गार्डमुळे तिचा शब्द बोबडा आला. त्यानंतर रोज फाटक वाजलं की ती डबी उघडायची. मुष्टियुद्ध खेळणारे लोक तोंडात असंच काहीतरी घालतात हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. आईने ते कुठे पाहिलं असेल, मला माहीत नाही. कदाचित कुठेच नाही.

एका रविवारी दुपारी बाबांच्या ते लक्षात आलं. कोळंबीचं सुकं होतं, भात होता. आई गार्ड काढून जेवायची, पण त्या दिवशी ती वाढत होती, अजून बसली नव्हती. बाबांनी काहीतरी विचारलं, तिने “हो” म्हटलं, आणि तो “हो” त्यांना विचित्र ऐकू आला. “तोंडात काय आहे?” ती भात वाढत राहिली. “आ कर.” तिने तोंड उघडलं. त्यांनी दोन बोटं घालून गार्ड ओढून काढलं, उजेडात धरलं, आणि त्यांना कळलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर ते कळत गेलं. दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात, ही बाई आपल्या हातासाठी तयार होऊन उभी राहते. “मी काय जनावर वाटलो तुला?” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. मग मारलं. मुठीने, डाव्या गालावर, आणि ती ओट्याला धडकून खाली बसली तेव्हा केसांना धरून पुन्हा. माझ्या हातात घास होता. कोळंबीची साल टाळ्याला चिकटली होती. फरशीवर टणकन काहीतरी पडलं आणि माझ्या पाटापर्यंत घरंगळत आलं. तो क्राउन होता. मी रंगवलेला. त्याला साधा चरासुद्धा गेला नव्हता. आणि त्याच्या पोटात, रक्तासकट, आईच्या दाताचा खुंट तसाच होता. क्राउन फुटला नव्हता म्हणून दात हिरडीपाशी मोडला होता.

“जेव,” बाबा मला म्हणाले. मी जेवले. तो क्राउन मी मुठीत धरला होता, एका हाताने जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. आईचा डावा डोळा अर्धा मिटलेला होता, ओढणीसारखा पदर तिने गालावरून घेतला होता. डोळ्याचं बाबांनी दारातच सांगून टाकलं, कपाटाचं दार लागलं. आता तो खुंटच गेला, डॉक्टर म्हणाले, मूळ चिरलं आहे, काढावं लागेल. मग त्या जागी ब्रिज करू. म्हणजे शेजारचे दोन्ही दात तासायचे आणि तिन्हींवर मिळून एक सलग टोपी बसवायची. शेजारचे दोन्ही दात. मला प्लास्टरमधले ते दोन धडधाकट दात दिसायला लागले. मुळाला भूल देऊन झाली होती, आईच्या तोंडात कापूस होता, ती बोलू शकत नव्हती. बोलू शकली असती तरी काय बोलली असती ते मला माहीत होतं. “कमालच आहे,” डॉक्टर म्हणत होते, “झिरकोनिया शाबूत आणि दात मोडला. एवढं दात खाणं मी पाहिलं नाही. गार्ड लावत नव्हता का, ताई?” बाबा खुर्चीच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. “लावते की,” ते म्हणाले. “नेमाने लावते. डॉक्टर, माझं ऐका, या वेळी पूर्ण धातूचा घाला. कोबाल्ट-क्रोम. दिसेना का. तिन्ही दात एकदम धरून ठेवेल, परत ही कटकट नको.” डॉक्टरांनी मान हलवली. दोन दात तासण्याचं यंत्र त्यांच्या हातात होतं, त्याची टोकं ते बदलत होते. मला कळलं की आता असंच होत जाणार. दरवेळी आधीहून कठीण काहीतरी बसवायचं, आणि दरवेळी त्याच्याआतलं आणखी एक मोडायचं. आधी पोर्सेलीन, मग दात, मग मूळ, आता शेजारचे दोन. मग जबडा.

मी खिडकीपाशी स्टुलावर होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघायची त्यांना कधी गरज पडत नसे. आईचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्यावर जुन्या बांगडीच्या काचेचा व्रण होता.

“प्राजक्ता,” डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं की खोलीत आणखी एक धंद्यातलं माणूस आहे. “तू सांग, तुमच्या आपा काय म्हणतील? पूर्ण मेटल की झिरकोनियाचाच ब्रिज? तुझा काय अनुभव?”

बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं. जेवताना पाहायचे तसंच. मी मनात वाक्य जुळवलं नाही. ते आपोआप आलं, मराठीत, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला, कारण बाहेर बाकावर बसलेल्या बाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं.

“आई दात खात नाही, डॉक्टर. बाबा मारतात. त्यांच्या हाताला टिकेल असा क्राउन आमच्याकडे बनत नाही.”